गाळलेली दहा मिनिटं

माझं काम आकडे चाळायचं. सव्वीस वर्षं तेच केलं, म्हणून संस्थेत सगळे मला चाळणी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं, आणि तेच सांगायला बसलोय.

आमची संस्था दूरच्या दगडांच्या आणि चंद्रांच्या पोटात काय आहे ते शोधते. तिथे जाऊन कुणी खणत नाही. आम्ही यान पाठवतो, ते त्या दगडाजवळून जातं, आणि त्याचा रेडिओ आमच्या अँटेनाला सतत ऐकू येत असतो. दगडाने यानाला जरा ओढलं की यानाचा वेग बदलतो, आणि वेग बदलला की रेडिओचा सूर किंचित चढतो किंवा उतरतो. वेगातला तो फरक मुंगीच्या चालीहूनही कमी असतो. त्या ओढीवरून दगडाचं वजन कळतं, फोटोंवरून आकार कळतो, आणि आकाराच्या मानाने वजन कमी भरलं की समजायचं, आत पोकळी आहे. ओढ एका बाजूला जास्त लागली तर भरीव माल त्या बाजूला आहे. डॉक्टर पोट न फाडता वरून टकटक करून सांगतो, तसलाच प्रकार.

अँटेनाकडून दर दहा सेकंदांनी एक आकडा येतो. त्यातले बरेच खराब असतात. कधी वारा, कधी ढग, कधी यंत्राचा लहरीपणा. खराब काढून टाकायचे आणि उरलेले पुढे द्यायचे, यासाठी मला खुर्ची दिलेली होती.

चाळण्याचे काही नियम असतात. त्यातला एक माझा. मी नवा होतो तेव्हा अँटेनावर दिवसातून तीनदा पाळी बदलायची, आणि जाणारा माणूस येणाऱ्याच्या हाती यंत्र देण्याआधी ते एकदा बंद करून परत चालू करून दाखवायचा. मागाहून कटकट नको म्हणून. त्या वेळचे आकडे उड्या मारायचे. वर्षभर मी ते हाताने वेचून काढले, मग वैतागून यंत्रालाच सांगून टाकलं की पाळी बदलायच्या आधीची पाच मिनिटं आणि नंतरची पाच मिनिटं, जे येईल ते गाळ. दहा मिनिटांचे साठ आकडे. तेवढे गेले तर काय बिघडतं? साहेब लोक खूश झाले. आणखी दोन संस्थांनीही तो नियम उचलला, आणि तिथे तो चाळणीचा नियम म्हणूनच चालतो. बारा वर्षांपूर्वी अँटेनाचं यंत्र बदललं. नव्याला बंद-चालू करावं लागत नाही. नियम मात्र तसाच राहिला, कारण तो अजून आत बसलेला आहे हे मीच विसरून गेलो होतो.

पायवाला आणि मी एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. जे यान खाली उतरतं त्याला लँडर म्हणतात, आणि लँडरचे पाय बनवणं हे त्याचं काम, म्हणून तो पायवाला. संस्थेच्या मागच्या अंगाला त्याचा कारखाना होता. माझ्या खोलीत नुसते आकडे, त्याच्याकडे तेल, भुगा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. दुपारचा डबा मी तिकडे जाऊन खायचो. पुढे त्याच्या मुलाचं आणि माझ्या मुलीचं जमलं, आणि आम्ही व्याही झालो. लग्नाच्या दिवशी तो मला म्हणाला, "आता मला अहो-जाहो करायचं हं, व्याही." दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडताना पुन्हा, "काय रे चाळणी, झोप झाली का?" व्याही हा शब्द आमच्यात फक्त चिडवायला वापरला जायचा. त्याची बायको लवकर गेली. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. घरात तो आणि माझी मुलगी.

त्याची एक खोड होती. कुठलाही कागद हातात आला की तो आधी खालचा उजवा कोपरा बघायचा. कारखान्याच्या नकाशांवर तिथे नंबर, तारीख आणि करणाऱ्याची सही असते, आणि ते न बघता नकाशा वाचणारा माणूस जुन्या नकाशावरून नवा भाग करून बसतो. मुलांच्या लग्नपत्रिकेचा कच्चा मजकूर मी त्याच्या हातात दिला, तर पठ्ठ्या आधी कोपऱ्यात डोकावला.

"याच्यावर तारीख कुठाय?"

"मधोमध आहे की. लग्नाची."

"ती लग्नाची. कागदाची कुठाय?"

आमच्या विभागाच्या कागदांवर तारीख नसते म्हणून त्याने इतकं डोकं खाल्लं, की शेवटी कंटाळून मी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख-वेळ आपोआप छापून येईल अशी सोय करून टाकली. त्यालाही आता वीसेक वर्षं झाली.

आमचं नाव झालं ते एका बर्फाळ चंद्रामुळे. तो फिरताना डुलतो, आणि आतून एकसंध गोळा असता तर डुलला असता त्याहून जास्त डुलतो. म्हणजे वरचं बर्फाचं कवच आतल्या गाभ्याला धरून नाही. मधे पाणी आहे, समुद्रच्या समुद्र. ते आकडे मी चाळलेले. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये पायवाल्याने टेबलावर दोन अंडी फिरवली, एक उकडलेलं, एक कच्चं. उकडलेलं गरगर फिरलं. कच्चं अडखळलं, आणि बोटाने थांबवून सोडलं तर आपणहून पुन्हा हललं. तो ते कितीतरी वेळ बघत बसला.

"आत ओलं आहे, चाळणी," तो म्हणाला. "तिथे मी पाय टेकवणार."

तेव्हापासून आठ वर्षं तो त्या बर्फावर उभं राहायच्या पायांचे नकाशे काढत होता. निवृत्तीआधीचं हे शेवटचं काम. त्याला ना बढतीची हाव होती, ना मानाची. हे एक काम तेवढं त्याला स्वतःच्या हाताने करायचं होतं.

मधे तो लघुग्रह आला. अर्धा किलोमीटरचा, दगडधोंड्यांची नुसती रास, स्वतःच्या नखभर ओढीने कशीबशी एकत्र राहिलेली. आकाराच्या मानाने वजन निम्मंच भरत होतं, तेव्हा आत पोकळी आहे हे ठाऊक होतं. पोकळी सगळीकडे सारखी आहे की एका बाजूला जास्त, एवढंच बघायचं राहिलं होतं. त्यासाठी यान सात वेळा अगदी जवळून न्यायचं ठरलं. मोहिमेच्या प्रमुखांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. डोळ्यांत तेल घालून काम करणाऱ्या. त्यांनी साती फेऱ्यांची वेळ मुद्दाम अशी बसवली की सगळ्यात जवळचा क्षण पाळी बदलताना यावा, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं खोलीत हजर असतील. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आकडे आले, चाळले गेले, पुढे गेले. खाली माझी सही असलेला निकाल असा की आत सगळीकडे सारखंच आहे, कुठेही उतरा. मग धोंडे कमी असलेली सपाट बाजू निवडली. लँडर उतरला, त्याने पाय टेकले, आणि ते पाय कोरड्या भुशात काठी जावी तसे आत गेले. मग पोट टेकलं. मग उन्हावर वीज करणारे त्याचे पंख मातीने झाकले. अकरा मिनिटांनी त्याचा आवाज बंद झाला. पायवाला माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझं मनगट धरलं होतं, ते आवाज बंद झाल्यावरही बराच वेळ सोडलं नाही.

इतकं झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटणारच. चौकशी समिती बसली. तिला पहिल्याच दिवशी एक नकाशा सापडला. वजन वाचवायला म्हणून लँडरचे तळवे मूळ मापापेक्षा चार बोटं अरुंद केलेले, आणि कोपऱ्यात पायवाल्याची सही. वजन कमी करा म्हणून वरूनच सांगितलं होतं, पण सांगणाऱ्याची सही कुठे नसते. समितीने त्याला तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा बाहेर आला तो मला न भेटता घरी गेला आणि रजा टाकली.

दर रविवारी मुलगी आमच्याकडे येते. सासऱ्यांना ती पप्पा म्हणते. त्या रविवारी तिने पायातल्या चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"बाबा, पप्पांनी मागच्या खोलीत आंघोळीचा जुना टब आणून ठेवलाय. त्यात खडी भरलीये. लँडरचा उरलेला पाय आहे ना एक, तो वर दोरीने टांगलाय आणि दिवसभर त्या खडीत सोडतात. उचलतात, सोडतात. वहीत लिहितात."

"करू दे. हाताला काम असलं की बरं," मी म्हणालो. तोवर मला खरंच काही माहीत नव्हतं, आणि त्या दिवसाचं ते बोलणं मी स्वतःला माफ करू शकतो.

पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला, गुरुवारी दुपारी, मी या मोहिमेचे आकडे कायमचे जपून ठेवायला पाठवत होतो. त्यासाठी एक तक्ता भरावा लागतो. प्रत्येक फेरीत अगदी जवळ असताना किती आकडे आले, किती ठेवले, किती गाळले. मी भरत गेलो. पहिल्या फेरीत गाळलेले साठ. दुसऱ्या फेरीत साठ. तिसऱ्या फेरीपाशी माझा हात थांबला. खराब आकडे असे मोजून मापून येत नाहीत. कधी चार येतात, कधी चाळीस. मी उरलेल्या फेऱ्या बघितल्या. साठ, साठ, साठ, साठ, साठ.

ती माझीच दहा मिनिटं होती, आणि दगडाची ओढ सगळ्यात जास्त लागते तीही हीच.

चारशे वीस आकडे परत जागेवर घातले आणि गणित नव्याने लावलं. पाऊण तास लागतो. तो पाऊण तास मी खिडकीशी उभा राहून खाली वाहनतळावर कोण गाडी कशी लावतंय ते बघत होतो. मग कागद बाहेर आला. दगडाच्या आकाराचा मध्य एका जागी, वजनाचा मध्य नऊ मीटर बाजूला. आम्ही उतरलो ती बाजू नुसता भुगा होती. पलीकडची, धोंड्यांची म्हणून टाळलेली बाजू भक्कम होती. तिथे चार बोटं अरुंद तळवेही उभे राहिले असते.

मी कागदाची घडी घातली आणि खणात ठेवली. खणाला किल्ली लावली. सव्वीस वर्षांत त्या खणाला मी पहिल्यांदा किल्ली लावली.

आता लोक विचारतील की का नाही लगेच सांगितलं. मी कारणं सांगतो, ऐका. पहिले चार दिवस मी गणित पुन्हा तपासलं. हे खरं कारण आहे, तपासायला हवंच होतं. तीनदा तेच उत्तर आलं. त्यानंतरच्या सतरा दिवसांना कारण नाही. मनाशी घोळवलेली कारणं मात्र पुष्कळ होती. निवृत्तीला चार महिने राहिलेत. दुसऱ्या दोन संस्थांनाही नियम टाकून द्यावा लागेल, आणि जिथे जाईन तिथे हाच तो चाळणी म्हणून बोट दाखवतील. बर्फाळ चंद्राच्या निकालावरही कुणी शंका काढेल. समिती कदाचित त्याला सोडूनही देईल, मग उगाच कशाला. रोज सकाळी ठरवायचो की आज बाईंच्या दारावर टकटक करायचं, आणि रोज त्यांच्या दारावरून पाणी प्यायला जायचो. इतकं पाणी मी जन्मात प्यायलो नसेन. छाती झाली नाही, दुसरं काही नाही.

सहा तारखेच्या रविवारी मुलगी आली. "पप्पा जेवत नाहीत धड. बोलतात ते फक्त मापं." मी मूग गिळून गप्प बसलो.

तेरा तारखेला आली. "दोरी ओढून ओढून त्यांचे हात सोललेत. मी मलम लावलं तर म्हणाले, अजून अर्ध्या बोटाने रुंद असता तर बघायचंय. बाबा, तुम्ही एकदा येऊन बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतात ते."

"येतो. या आठवड्यात येतो."

वीस तारखेला ती आली तेव्हा काही बोलली नाही. आईला स्वयंपाकात मदत केली, जेवली, आणि निघताना नुसती म्हणाली, "आला नाहीत." माझी बायको माझ्याकडे बघत राहिली. "तुमचं काय बिनसलंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, ॲसिडिटी.

बुधवारी, तेवीस तारखेला, मुलीचा फोन आला. मी कचेरीतच होतो.

"बाबा, पप्पांनी काल पत्र दिलं. चूक माझीच, तळवे अरुंद करायला नको होते, असं लिहून दिलंय. आणि त्या बर्फाच्या कामातूनही नाव काढून घेतलं. म्हणाले, ज्याचे पाय मातीत उभे राहत नाहीत त्याने बर्फावर कशाला जावं. नकाशे, मापं, सगळं बांधून पाठवून दिलं. आता नुसते बसलेत. टबाकडेही जात नाहीत."

मी फोन ठेवला आणि बसून राहिलो. सगळी चालढकल एका वाक्यात अंगाशी आली होती, आणि ती माझ्या अंगाशी न येता त्याच्या आली होती. दुसऱ्या दिवशी गुरुवारी दुपारी मी खण उघडला, कागद घेतला आणि त्याच्या घरी गेलो.

मागच्या खोलीत तो स्टुलावर बसला होता. टब तिथेच. वर दोरीला तो पाय टांगलेला, संथ फिरत होता. खडीवर तळव्याचे ठसे एकावर एक उमटलेले. पायवाल्याच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या. दाढी वाढलेली. मला बघून त्याचा चेहरा जरा उजळला, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

"ये रे. बस. कुठे होतास इतके दिवस?"

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. नियम, पाळी, साठ आकडे, नऊ मीटर. "तुझे पाय बरोबर होते," मी म्हणालो. "जमीन मी चुकीची सांगितली. तुझी काही चूक नव्हती. माझीच होती." शब्द तोंडातून पडल्यावर इतकं हलकं वाटलं, की मला लाज वाटली.

त्याने हात पुढे केला. मी घडी केलेला कागद दिला. त्याने तो उघडला, मांडीवर सपाट केला आणि पट्टी बांधलेल्या हाताचं बोट फिरवत हळूहळू बघत गेला.

"नऊ मीटर," तो म्हणाला. "म्हणजे पलीकडे उभा राहिला असता."

"राहिला असता."

"चार बोटं कमी असूनही."

"असूनही."

त्याने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने पुसलं नाही. मग तो साध्या आवाजात म्हणाला, "कधी सापडलं तुला हे?"

त्याने रागावून विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो असं मला वाटतं. पण त्याने पूर्वीसारखं, डबा खाताना विचारावं तसं विचारलं, आणि मला ते पूर्वीसारखं ठेवायचं होतं.

"काल," मी म्हणालो.

"काल."

"काल दुपारी."

"बरं," तो म्हणाला. तेव्हा माझं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं. अंगठा कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर होता, आणि तो तिथे मी बोलायच्या आधीपासून होता.

मला सगळं आठवलं. तारीख, वेळ, ती आपोआप छापायची सोय, आणि ती कुणी करायला लावली ते. त्या माणसाने हा कागद उघडल्याबरोबर आधी कुठे बघितलं असणार, हे जगात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तीन तारीख. पत्र बावीसला गेलं होतं. मधल्या दिवसांचा हिशेब करायला त्याला वही लागत नाही.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. आमच्या दोघांचे चेहरे बघून दारातच थांबली.

"काय झालं?"

पायवाल्याने कागदाची घडी घातली आणि तो खिशात ठेवला. "तुझ्या बाबांना चूक सापडली," तो तिला म्हणाला. "पाय बरोबर होते. आकड्यांत गडबड होती. त्यांना काल सापडली."

मुलीने कप खाली ठेवले आणि रडायला लागली. मग माझ्याजवळ आली आणि लहानपणी यायची तशी माझ्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतो आणि पायवाला आमच्याकडे बघत नव्हता. तो उठला, दोरी सोडली आणि टांगलेला पाय खाली उतरवला. मी मदतीला पुढे झालो.

"राहू द्या, व्याही," तो म्हणाला. "तुम्ही चहा घ्या."

शुक्रवारी मी मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फेऱ्यांची वेळ त्यांनी ठरवली होती, हे त्यांनी माझ्याआधी बोलून दाखवलं, आणि अहवालातही तसं घातलं. बाई सरळ आहेत. पायवाल्याचं पत्र परत केलं, तीन ओळींचा खुलासा काढला, तो फलकावर लावला. चाळणीचा नियम तिन्ही संस्थांतून गेला. बर्फाळ चंद्राचा निकाल पुन्हा तपासला, तो शाबूत निघाला. समुद्र आहे.

"आणि बर्फावरचे पाय?" मी विचारलं.

"ते नाही होणार," त्या म्हणाल्या. "त्यांनी नाव काढल्यावर त्याच दिवशी काम दुसऱ्या कारखान्याला दिलं. करार झाला, नकाशे गेले. आता मागे घेता येत नाही." मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या, "दोन दिवस आधी सापडलं असतं तर हो."

मी हो म्हणालो.

आता निवृत्त होऊन मला दोन महिने झाले. निरोपाच्या दिवशी पायवाला आला होता, हार घातला, हात मिळवला. तो घरीच असतो. जावई जहाजावरून येऊन गेला. त्याने माझे पाय धरले, वडिलांचं नाव राखलंत म्हणून. मी काय करणार, आशीर्वाद दिला.

गेल्या रविवारी मी आणि बायको मुलीकडे जेवायला गेलो. टब आता मागच्या खोलीत नाही. भिंतीला हत्यारं ओळीने लावलेली, आणि मधोमध तो कागद, चार खिळ्यांनी ठोकलेला.

"पप्पांनीच लावला," मुलगी म्हणाली. "कुणी आलं की दाखवतात. माझ्या व्याह्यांनी शोधलं म्हणतात. बाबा, खरं सांगू? दुसरा कुणी असता तर दाबून ठेवलं असतं. तुम्ही एक दिवस थांबला नाहीत."

मी जवळ जाऊन बघितलं. आकृती, रेघा, नऊ मीटर, सगळं जागच्या जागी. खालचा उजवा कोपरा नव्हता. पट्टी लावून, धारदार पात्याने, दोन बोटांचा चौकोन सरळ कापून काढला होता. जन्मभर ज्याने तारखेशिवाय कागदाला हात लावला नाही, त्याने.

बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला.

"व्याही, या. तुमचा चहा गार होतोय."